नवं इंजिन घेऊन धुळ्याला

सावद्याच्या मंजुळाबाई नेहेते फ्रीजरमध्ये मटाराची पिशवी शोधत होत्या. पिशवीमागे त्यांच्या हाताला गुळगुळीत, जड लोखंडी नळ्या लागल्या.

"अहो, हे काय ठेवलं इथं?"

"पिस्टनच्या पिना हायेत त्या. हात नको लावू!" अंगणातून जीवरामभाऊ ओरडले. "गरम होतीन!"

मंजुळाबाईंनी मटार न काढताच फ्रीजर बंद केला.

भाऊंच्या वडिलांनी घेतलेली डुक्कर फियाट वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी होती. चालू केली की आतून कोणीतरी दार ठोठावतंय असा आवाज यायचा. धुळ्याचे व्याही रतिलालभाऊ एकदा तो आवाज ऐकून म्हणाले, "भाऊ, आता हिच्यात कोंबड्या पाळा." भाऊंना ते झोंबलं. "बंगल्याच्या वास्तुशांतीला याच गाडीत येईन. नाहीतर येणारच नाही," असं ते चारचौघांत बोलून गेले. बंगला त्यांच्याच लेकीचा, ऋतिकाचा. मंजुळाबाईंनी तिथंच कपाळावर हात मारला.

मिस्त्री म्हणाला, जुनं इंजिन काढा, डिझेलचं बसवा. भाऊंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. शेतातल्या पंपांची इंजिनं त्यांनी जन्मभर स्वतः खोलली होती. जळगावहून त्यांनी सिलिंडर बोअर करून आणले, क्रँक घासून आणला, नवे रॉड, पिस्टन आणि बेरिंगं मागवली. पडवीत धूळ उडते म्हणून सगळं सामान स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलं.

पहिला घोळ तिथंच झाला. प्रत्येक रॉडला खालून बसणारी टोपी ज्याची त्यालाच लागते. भाऊंनी जोड्यांवर खडूने आकडे घातले होते. संध्याकाळी ते परतले तेव्हा रॉड आणि टोप्या भांड्यांच्या जाळीत निथळत होत्या.

"तेलकट होतं बठ्ठं. चकचकीत केलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

भाऊ मटकन पाटावर बसले. आकडे गेले म्हणजे काय गेलं, हे समजल्यावर मंजुळाबाईंनी पदर खोचला. "मी धुतलं ना? मंग मीच जुळवीन." रॉड लावायचा, नट आवळायचे, क्रँक फिरवून बघायचा, अडकला की टोपी बदलायची. स्वयंपाकाला सुट्टी मिळाली. अखेर सगळ्या जोड्या जुळल्या, तेव्हा भाऊंनी मोठ्याने हुश्श केलं आणि मंजुळाबाईंनी पाना शेगडीशेजारी, आपल्या हाताला लागेल असा ठेवला.

आता पिस्टन रॉडला जोडायचे होते. पिस्टन तापवायचे, पिना गारठवायच्या, म्हणजे पीन आत सरकते. मोठ्या पातेल्यात पिस्टन उकळायला लागले आणि दारात गाडी थांबली. रतिलालभाऊ आणि विहीणबाई दिपमाला वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन आले होते.

दिपमालाबाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. "एवढं कायले करत बसल्या?" असं म्हणत त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या.

"पिस्टन हायेत," मंजुळाबाई संकोचून म्हणाल्या. "झालेच आहेत."

मागून रतिलालभाऊंनी डोकावलं. "आरे बापरे! बठ्ठं इंजिन चुलावर शे!"

"हसायचं नंतर," जीवरामभाऊ चिमट्याने पहिला पिस्टन बाहेर काढत म्हणाले. "हा थंड व्हायच्या आत पीन गेली पाहिजे. फडकं धरा!"

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या रतिलालभाऊंनी नकळत फडकं धरलं. गार पीन सुळकन आत गेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पुढचा मी बसवतो," ते म्हणाले. आमंत्रणाच्या अक्षता खिशातच राहिल्या.

पिस्टन सिलिंडरमध्ये उतरले, बेरिंगं बसली, नट आवळले गेले. तेवढ्यात टॉर्च धरून उभ्या असलेल्या दिपमालाबाईंनी विचारलं, "बाकीच्या पिस्टनांच्या डोक्यावरचे बाण पुढं, मग याचाच मागं कसा?"

तो पिस्टन रतिलालभाऊंनी बसवला होता. सगळं पुन्हा खोलावं लागलं. व्याह्यांचा मुक्काम वाढला. धुळ्याहून त्यांचा मुलगा, ऋतिकाचा नवरा पियुष सारखा फोन करत होता.

"गुरुजींशी तूच बोल," रतिलालभाऊंनी त्याला सांगितलं. "आमचं बेरिंग बाकी शे."

शेवटी किल्ली फिरली. ठोठावणं नाही, धूर नाही. नुसती एकसारखी गुरगुर. दोन्ही विहिणींनी एकमेकींना मिठी मारली.

वास्तुशांतीच्या सकाळी चौघेही त्याच गाडीत निघाले. नवं इंजिन सुरुवातीला दामटायचं नसतं, म्हणून भाऊ बेतानेच चालवत होते. केळीने भरलेले ट्रॅक्टरही पुढे निघून जात होते. जळगावच्या गर्दीत ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागला. पारोळ्यानंतर ब्रेकचं पॅडल जरा खोल जायला लागलं. भाऊंनी ते कोणाला सांगितलं नाही. धुळ्यात देवपूरला वळेपर्यंत पॅडल तळाला टेकलं.

बंगल्याच्या दारात ऋतिका आरतीचं ताट घेऊन उभी होती. मागे सगळे पाहुणे. गाडी त्यांच्यासमोरून सावकाश पुढे निघून गेली.

"थांबवा की!" रतिलालभाऊ म्हणाले.

"ब्रेक नाही!"

रतिलालभाऊंनी हँडब्रेक ओढला. तो त्यांच्या हातातच आला.

"मग इंजिन बंद करा!"

"आणि परत चालू नाही झालं तर? लेकीच्या दारात धक्का मारू? माझ्याच्याने नाही होणार!"

समोरच्या मोकळ्या मैदानाला वळसा घालून गाडी परत आली. पाहुण्यांना वाटलं, भाऊ मिरवताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी हात हलवला आणि गाडी पुन्हा पुढे गेली. पुढच्या फेरीला बँडवाल्यांनीही सूर लावला. रतिलालभाऊ हँडब्रेक मांडीवर घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बसले होते.

बंगला पुन्हा जवळ आला तशा मंजुळाबाई मागच्या सीटवरून पुढे वाकल्या आणि त्यांनी किल्ली फिरवून काढून घेतली. गाडीने एक गचका खाल्ला आणि नेमकी आरतीच्या ताटासमोर उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ऋतिकाने गाडीला ओवाळलं आणि मग आईवडिलांना.

पियुषचा एक मित्र धावत आला. "काका, काय थाटात आलात! पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. नवरदेवाला याच गाडीतून न्यायचं, अशाच फेऱ्या मारत. याल ना?"

जीवरामभाऊंनी घाम पुसला आणि बोलायला तोंड उघडलं.

"येऊ की," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन किल्ली माह्याजोळ राहीन."