मास्तरांनी नेलेले बूट

बुटांच्या दुकानात गिऱ्हाईक बसतं आणि विकणारा उभा राहतो, ही जगाची रीत. पण या गोष्टीतले विक्रेते गृहस्थ इतकी वर्षं उभे होते की शेजारचे दुकानदार त्यांना उभेरावच म्हणत. दुपारपर्यंत पाय जड व्हायचे, संध्याकाळी पोटऱ्यांचे दगड, आणि कंबर तर स्वतःची वाटायचीच नाही. बायकोने जुनी उशी फाडून बुटांत घालायला दोन मऊ तुकडे शिवून दिले होते.

"मालकांकडे एक स्टूल मागा की हो," ती रोज म्हणायची.

मागणार कोण? दुकानात बसायचं नाही आणि पायातले बूट काढायचे नाहीत, हे मालकांचे दोन नियम. आधीच्या माणसाने एकदा बूट काढले, तर मालकांनी त्याला कायमचं घरी बसवलं. मालक स्वतः दिवसभर काउंटरमागे ताठ उभे असत, तिथून हलत म्हणून नसत.

त्या दिवशी मात्र पाय असे टम्म सुजले की उभेरावांनी जिवावर उदार होऊन बूट काढले आणि मालकांना दिसू नयेत म्हणून रॅकवर ठेवून दिले. बूट दुकानातलेच, रोज पॉलिश केलेले, त्यामुळे नव्यांत मिसळून गेले. तेवढ्यात एक शाळामास्तर लंगडत आले. दिवसभर फळ्यापुढे उभं राहून त्यांच्या टाचा कामातून गेल्या होत्या. त्यांनी नेमका तोच जोड उचलून पायात घातला.

"अहाहा! आत उशी आहे हो!"

"मास्तर, तो राहू द्या. नवीन काढून देतो."

"हा काय जुना आहे?"

उभेरावांनी चोरून मालकांकडे पाहिलं. "तो... विकायचा नाही."

"विकायचं नाही असं आपल्या दुकानात काही नसतं!" काउंटरवरून मालक गरजले. "द्या त्यांना!"

मास्तर बूट घालूनच गेले, आणि चांगले दुडूदुडू गेले. त्यांचं सुख बघून उभेरावांना क्षणभर बरंही वाटलं. मग मालकांची नजर त्यांच्या मोज्यांवर गेली.

"तुझे बूट कुठायत?"

"गेले."

"कुठे?"

"मास्तरांबरोबर."

"इकडे ये. काउंटरच्या मागे."

नोकरी गेली, आता बायकोला काय सांगायचं, असं मनाशी म्हणत उभेराव मागे गेले आणि बघतच राहिले. मालक गुडघ्यापर्यंत पँट दुमडून कोमट पाण्याच्या टबात उभे होते. पाय त्यांचेही तसेच टम्म.

"वडिलांचे नियम आहेत रे," मालक हळूच म्हणाले. "बसायची हिंमत मलाही होत नाही. उद्या मास्तरांना नवा जोड पोचव. आणि माळ्यावर दुसरा टब आहे, घेऊन ये."

उभेरावांना एकदम धीर आला. "येताना एक स्टूल आणू?"

"खबरदार!"

उभेराव माळ्याच्या शिडीपाशी पोचले असतील नसतील, तोच मागून आवाज आला.

"आणायचंच असेल तर दोन आण."