कर्णिक काकांच्या सूचना

कर्णिक काकांना तुम्ही काहीही द्या, ते आभार मानत नाहीत, सुधारणा सुचवतात.

कामोठ्यातल्या आमच्या इमारतीत ते आमच्या समोरच्या घरात राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. औषधांच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासला आणि निवृत्तीनंतर तपासायला आम्ही उरलो. माझ्या बायकोने, सुनीताने, त्यांना पहिल्यांदा वालाचं बिरडं पाठवलं, तेव्हा डबा लख्ख घासून परत आला. आत कागदाच्या पुडीत सोलायची राहिलेली वालाची दोन सालं होती.

"पुरावा असावा म्हणून ठेवली," काका म्हणाले. "बाकी ठीक."

हे 'बाकी ठीक' त्यांचं ठरलेलं. सत्यनारायणाच्या प्रसादात केळं नीट कुस्करलेलं नाही, हेही त्यांनी भटजींच्या देखत सांगितलं आणि मग आणखी प्रसाद मागून घेतला.

नाक्यावरचा रिक्षावाला म्हात्रे जुन्या कामोठे गावातला. त्याने काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पनवेलला नेलं, दिवसभर दवाखान्याबाहेर थांबला, घरी आणलं आणि एक पैसा घेतला नाही. काकांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्याने त्यांना रिक्षाचा फाटका पडदा बरोब्बर दिसला.

"वारं लागतं. शिवून घे. बाकी ठीक."

काकांना उतरवून घ्यायला मी खाली आलो होतो. म्हात्रे माझ्याकडे बघून म्हणाला, "फुकट आनला तरी खोट काडतान. पुढचे टायमाला उडाचा इमान आनू काय?" पण दुसऱ्या दिवशी पडदा शिवून तो काकांना दाखवायला मुद्दाम वर आला. चहा पिऊन गेला.

आता आम्ही तरी कुठले संत? कोणासाठी काही केलं की आपण दारात जरा घुटमळतो, चार गोड शब्द कानावर पडावेत म्हणून. वर "अहो, त्यात काय" म्हणायची तयारी करूनच गेलेलो असतो. काकांच्या दारात ही सगळी तयारी वाया जायची.

गेल्या थंडीत काकांना ताप आला. सुनीताने रोज मऊ भात आणि मेतकूट नेऊन दिलं, कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. बरे झाल्यावर काका तिला म्हणाले, "भात रोज वेगळा व्हायचा. एकसारखेपणा हवा."

सुनीताने घरी येऊन डबा ओट्यावर आपटला. "आता बास. यापुढे या घरातून एक वाटी जायची नाही." ही बातमी जिन्याने वर-खाली गेली आणि इमारतीत सगळ्यांनाच एकदम स्वाभिमान सुटला. काकांची बेल वाजेनाशी झाली.

मग एका रविवारी दुपारी, आम्ही जेवायला बसत असताना, काका स्वतःच आमच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण दाढी वाढली होती.

"सुनीता, काही पाठवलं नाहीस."

"काका, तुम्हाला आवडत नाही. कशाला पाठवू?"

"आवडत नाही असं मी कधी म्हटलं?" ते चौकटीला धरून उभे होते. "आमची ही आजारी होती तेव्हा माणसांची रीघ असायची घरात. तेराव्याला मी एकेकाचे हात धरून आभार मानले. अगदी मनापासून. लोकांना वाटलं, झालं आता. त्यानंतर कोणी आलं नाही गं. खोट काढली की माणूस निदान पुन्हा करून दाखवायला तरी येतो."

सुनीताने तिसरं ताट मांडलं आणि म्हणाली, "बसा. गार होतंय."

काका मान खाली घालून जेवले. पोळी, भेंडीची भाजी, आमटी. भेंडी जरा करपली होती, ते मलाही कळलं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

ताटातला शेवटचा घास खाऊन त्यांनी सुनीताकडे पाहिलं.

"फार छान झालं होतं," ते हळूच म्हणाले. "तुझे आभार मानायचे राहिले होते, पोरी. तापातले पण."

आणि निरोप घेतल्यासारखे उठायला लागले.

सुनीताने पदराने डोळे टिपले. "काका," ती म्हणाली, "उद्या काय करू?"