पीस ओके, फोटो रिजेक्ट

आमच्या घरमालकांनी एकदा एका लग्नाळू मुलाला त्याच्या आईवडिलांदेखत तोंडावर सांगितलं, "पीस ओके हाय. फोटो रिजेक्ट."

वडिलांना वाटलं, स्थळ मोडलं. आईला वाटलं, पोरात काही खोट निघाली. शेवटी मलाच मध्ये पडून सांगावं लागलं, की पीस म्हणजे तुमचा मुलगा, तो चांगलाच आहे, फक्त मोबाइलवर त्याला जरा जास्तच गोरा केलाय, तेवढं यांना चालत नाही.

सोपान ढमाले हे आमच्या घरमालकांचं नाव. महाळुंग्याचं जुनं घराणं. आम्ही दोघं चाकण पट्ट्यातल्या एकाच कंपनीत, मी स्टोअरला आणि ते क्वालिटीला. मी मूळचा परभणीचा, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. म्हणजे शिफ्टमध्येही ढमाले आणि जिन्यातही ढमाले. माणसाने किती सोसावं याला काही मर्यादा असते, पण घर हवेशीर आहे आणि पाणी चोवीस तास येतं, म्हणून गप्प बसतो.

ढमाल्यांना फोटोचा नाद. स्वतः काढतात, आणि लोकांनी काढलेले कॉम्प्युटरवर फुकट सुधारून देतात. लग्नाचा बायोडाटा असो, नाहीतर वाढदिवसाचा फ्लेक्स, अर्धं गाव त्यांच्याकडे येतं. भांडणही त्यांच्याशीच होतं, कारण फोटो किती सुधारायचा हे ज्याचा फोटो तो ठरवत नाही, ढमाले ठरवतात.

"हे बगा," ते म्हणतात, "बर काढायची, भोक मोठं करायचं न्हाई."

हे कंपनीतलं शास्त्र आहे. लोखंडाला भोक पाडलं की कडेला धारदार कुसळं राहतात, ती बर. ती घासून काढावीच लागते. पण घासता घासता भोकच मोठं झालं तर तो पीस भंगारात जातो. म्हणून ढमाले फोटोतला वाकडा दरवाजा सरळ करतील, अंधारातलं तोंड उजळतील, नाकावरची कालची पुटकुळी पुसतील. तीळ पुसणार नाहीत. टक्कल झाकणार नाहीत. रंगाला तर हातच लावणार नाहीत.

"अहो भाऊ, लग्नात लोक पावडर लावतातच की!" मी एकदा वाद घातला.

"पावडर घामानं जाती. तुमच्या फोटोतली जाती का?" झालं, संपला वाद.

बरं, हद्द नेमकी कुठे संपते? तर त्यासाठी ढमाल्यांकडे गेज होतं. आमच्याकडे भोकाचं माप बघायला लोखंडी दांडी असते, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. चर्चा नाही, मतदान नाही. ढमाले सुधारलेल्या फोटोची प्रिंट काढायचे, "गेजला लावून येतो" म्हणून आतल्या खोलीत जायचे आणि निकाल घेऊन बाहेर यायचे. गावाला बरेच दिवस वाटत होतं, आत काहीतरी मशीन आहे.

आत त्यांची आई होती. वय झालेलं, कानाने कमी, पण नजर घारीची. फोटो हातात दिला की आजींनी सांगायचं, कोण आहे. त्यांनी ओळखलं तर फोटो ओके. नाही ओळखलं तर सुधारणा जास्त झाली, परत करा.

गावातल्या एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो आला होता. दुसरीकडून करून आणलेला, फक्त मागे वाघ टाकून हवा होता. आजी बघून म्हणाल्या, "वाघ वळखला. म्होरली पोरगी कुणाची?" नेता रागावून निघून गेला आणि चौकात तोच फोटो लागला. त्याच्या सख्ख्या मामाने त्याला थांबवून विचारलं, "हा कोण रे नवीन पुढारी?" ढमाले ही गोष्ट कँटीनमध्ये इतक्या वेळा सांगत, की आम्ही मामाचं वाक्य कोरसमध्ये म्हणायचो.

माझीही गत काही वेगळी नव्हती. गावाकडच्या सत्कारासाठी फोटो हवा होता, म्हणून मी त्यांच्या हातापाया पडून पोट थोडं आत घेववलं. आजींनी प्रिंट निरखली. "परभणीवाल्याचा धाकटा भाऊ दिसतोय," त्या म्हणाल्या. "ह्यो बरा हाय." पोट परत जागेवर आलं आणि सत्काराला मीच गेलो, धाकटा भाऊ नाही.

मग गेल्या वर्षी ढमाले बिघडले. जो येईल त्याचा फोटो रिजेक्ट. शेजारणीचा सुनेबरोबरचा साधा फोटो, एक ठिपकासुद्धा पुसलेला नाही, रिजेक्ट. "उजेड कमी पडला," ते म्हणाले. सरपंचांच्या भावाचा रिजेक्ट, "अँगल चुकला." खुद्द वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोटो आत जाऊन नापास होऊन आला, तेव्हा वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. लोक चिडले. "ढमाले शेफारला" म्हणून फ्लेक्सवाल्याकडे जायला लागले. मीही कँटीनमध्ये त्यांची यथेच्छ टिंगल केली.

गेज वापरून वापरून झिजतं आणि झिजलेलं गेज खोटं बोलतं, हे नव्या पोरांना शिकवतात ते ढमालेच. पण घरात मात्र ते पीसवर पीस नापास करत सुटले. झिजलं काय, हे त्यांच्या तोंडून निघेना.

एका रविवारी दुपारी पाण्याची मोटर चालू करा म्हणून सांगायला मी खाली गेलो. ढमाले कॉम्प्युटरपुढे होते. पडद्यावर त्यांचाच फोटो. केस काळे कुळकुळीत, मिशी कोवळी, गाल आत घेतलेले, कपाळावरच्या आठ्या सपाट. जन्मभर लोकांचा एक तीळ पुसू न देणारा माणूस स्वतःला विशीचा करत बसला होता! मी ही संधी सोडतोय होय?

"काय भाऊ, दुसऱ्या लग्नाचा बायोडाटा का?"

ते हसले नाहीत. "काल आयनं मला इचारलं," माउसवरचा हात न काढता ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी कुनाकडं आलाय?"

मी खुर्ची ओढून बसलो. मग विचारलं, "जुना एखादा फोटो नाही का?"

"कंपनीच्या पासवरचा हाय. निम्म्या तोंडावर शिक्का. लग्नातल्यात मुंडावळ्या. आय म्हनली, नवरदेव कुनाचा?" त्यांनी मिशी आणखी थोडी पातळ केली. "म्हनून मागं मागं चाललोय. जितं वळखंल तितं थांबायचं."

प्रिंट निघाली. माझ्या मते फोटो अगदीच बनावट दिसत होता, कातडी मेणासारखी. एरवी मी तसं म्हणालो असतो. त्यांच्या मागोमाग मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.

आजी कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ढमाल्यांनी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, अंगठ्याने गालावरून पुसल्यासारखं केलं. मी मनातल्या मनात म्हटलं, आजी, एवढा एक पास करा.

"सोप्या हाय की!" आजी म्हणाल्या. सगळा चेहरा उजळला त्यांचा.

ढमाल्यांनी सोडलेला श्वास मला दारात ऐकू आला. मग आजींनी फोटो त्यांच्यापुढेच धरला.

"ह्यो माजा ल्योक, सोप्या. कंपनीत हाय. तुमी वळखता का त्याला?"

ढमाल्यांनी वाकून फोटो बघितला.

"वळखतो की," ते म्हणाले. "आमच्यातच हाय कामाला."

"जेवतो का येळंवर?"

"जेवतो."

"गुनाचा हाय वो. नुसता कामात आसतो." आजींनी फोटो मांडीवर ठेवला आणि पदराने झाकला. "त्याला सांगा, आय वाट बगती म्हनावं."

मला ऐकवेना. मी तोंड फिरवलं, पण डोळे भरायचे ते भरलेच.

"सांगतो," ढमाले म्हणाले, आणि पाहुण्यासारखे कॉटच्या कडेला टेकले.