दुर्गे सरांची न ठरणारी सायकल

दुर्गे सरांना सायकलवर बसलेलं आमच्या गल्लीत कोणी पाहिलेलं नाही. सायकल सरांवर बसलेली मात्र सगळ्यांनी पाहिली आहे. रोज सकाळी सर सायकलची पोलादी फ्रेम उजव्या खांद्यावर अडकवून गल्लीभर झपाझप चालायचे. फ्रेमला चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. एका नव्या भाजीवाल्याने तर कळवळून विचारलं, "साब, बाकी का चोरी हो गया क्या?"

कोणी विचारलं की सर थांबणारच. निवृत्त झाले तरी गणिताचे मास्तर. समजावल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही. "चिखलातल्या शर्यतीची सायकल हाये हे. आडवी फळी आली का उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची न् पळायचं. वरची दांडी खांद्याले रुतली तं पोरगी पळन कशी?"

पोरगी म्हणजे सुजाता, सरांची एकुलती एक. हैदराबादला नोकरी करते आणि सुट्टीला चिखलात सायकल पळवते. तिच्या जुन्या सायकलला तडा गेला, म्हणून नवी पोलादाची बांधायची ठरली आणि सामान निवडायचं काम सरांनी मागून घेतलं. जे मागवशील ते आधी इकडे आदिलाबादला घरी पाठव, असा हुकूमच सोडला.

पहिली फ्रेम खांद्याला रुतली म्हणून परत गेली. दुसरीत मागच्या चाकाजवळ माती निसटायला जागा नव्हती. ही तपासणी सरांची स्वतःची. गावाबाहेर कापसाच्या ओल्या वावरात ते चाक लावलेली फ्रेम ढकलत न्यायचे. आमची काळी माती एकदा धरली की चप्पल ठेवून घेते, माणूस तेवढा परत पाठवते. "इथं फिरलं तं दुनियेत कुठंबी फिरन," सर म्हणायचे.

तिसरी फ्रेम टिकली. मग पुढच्या चक्राला दाते किती, ब्रेक तारेचे की तेलाचे, टायर केवढा रुंद, असं सुरू झालं. मी महसूल दफ्तरात कारकून आहे. कागद कसा अडकवून ठेवतात हे मला कोणी शिकवायला नको, पण सरांनी आमच्या दफ्तरालाही मागे टाकलं. विचारावं तर एकच उत्तर, "ठरून राह्यलं."

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर वावरात गेलो. नवा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बसवला होता. चाक चिखलातून लोण्यातून गेल्यासारखं गेलं. घरी आलो आणि सुजाताचा फोन आला. सर म्हणाले, "नाही जमलं बेटा. माती अडकून राह्यली. दुसरा चिमटा पाहा लागन." मग दोघं तासभर चिमट्यावर बोलत बसले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "सर, चाक तं मस्त फिरलं. खोटं काऊन बोलले?"

सर पायाची माती खरवडत राहिले. मग म्हणाले, "गायकवाड, तुमची वहिनी होती तवा फोन तिचाच असे. मी 'बरी हायेस ना' म्हणायचो न् तिच्या हातात द्यायचो. ते गेल्यावर पोरगी फोन करे, न् आमी दोघं नुसते कान लावून बसू. मंग हे सायकल निघाली. ठरून गेलं तं फोन कायले करन ते?"

नवरा-बायकोत एकच बोलणारं माणूस असावं आणि तेच आधी जावं!

शर्यत जवळ आली तशी सुजाताच येऊन धडकली, उरलेलं सगळं सामान खोक्यात घेऊन. "बाबा, तुम्ही किती दिवस डोकं फोडणार? मीच लावून टाकते." बापाचा ताप आपण कमी करतोय असं बिचारीला वाटत होतं. दुपारपर्यंत अंगणात अख्खी सायकल उभी राहिली. ती मागेल तो पाना सर तिच्या हातात देत होते. शेवटी वाकून म्हणाले, "मागचा ब्रेक घासून राह्यला वाटते."

"नाही घासत बाबा. ऐका."

चाक बिनआवाज फिरत राहिलं. इतकी देखणी सायकल आणि इतका पडलेला चेहरा मी एका अंगणात कधी पाहिला नव्हता. संध्याकाळच्या गाडीने सुजाता सायकल घेऊन गेली.

पुढच्या रविवारी सरांनी मला चहाला बोलावलं. फोन वाजेल तेव्हा त्यांना एकटं बसायचं नव्हतं, हे मी ओळखलं. वाजला. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला.

"बाबा, सायकल एक नंबर आहे. काहीच त्रास नाही."

"बरं झालं."

पुढे दोन्हीकडे काही नाही. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते एकदम म्हणाले, "सुजाता, मले घरी करमत नाही."

पलीकडून आधी नुसता श्वास आला, मग रडणं. "मलाही नाही करमत, बाबा. घरी यायचीच भीती वाटते. दार उघडलं की आई दिसत नाही."

सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "रड बेटा. मी ठेवत नाही फोन."

मी चहा तसाच ठेवून उठलो आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.