कायम दुसरे आलेले नाना

हिराजीनानांनी मला खोली दिली ती माझ्या स्कूटरच्या आवाजावर.

करावे गावात, तलावामागच्या गल्लीत त्यांची तीन मजली इमारत आहे. मी जवळच्या शाळेत नुकताच लागलो होतो आणि भाड्याची जागा शोधत फिरत होतो. आधीच्या चार घरमालकांनी गाव कुठलं, लग्न झालंय का, मासळीचा वास चालतो का, असं सगळं खोदून विचारलं होतं. नाना ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला काळा, काटक माणूस, अंगात बनियन, कमरेला लुंगी. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या, माझ्या वडिलांच्या वेळच्या गिअरच्या स्कूटरकडे बघत म्हणाले, “रूम पायजे ना? मंग गारी चालू कर.”

गावच्या बोलीत गाडीची ‘गारी’ होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण बोट कुठे दाखवलंय ते कळलं. मी किक मारली. नाना ओट्यावरून उतरले, स्कूटरशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावून बसतो तसे मिनिटभर बसून राहिले. मी मुलाखतीला आल्यासारखा घाम पुसत उभा.

“तेल येलेवर घालतोस,” ते उठत म्हणाले. “केबलीला ग्रीस हाय. मानूस नीट दिसतोस. सामान आन.”

त्या दिवसापासून मी नानांचा ‘मास्तर’ झालो आणि त्यांच्या जगात इंजिनाशिवाय दुसरं काही नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. माणसांचंही निदान ते तसंच करत. शेजारच्या सोसायटीचा चेअरमन म्हणजे “आवाज मोठा, पिकप नाय.” माझे हेडमास्तर एकदा घरी येऊन गेले, तर म्हणाले, “थंडा इंजिन. चोक ओढल्याबिगर चालू होत नाय.” कोणी बोलताना फार पाल्हाळ लावला, की नाना हात वर करून थांबवत. “न्यूट्रलात किती येल बोलशील? गिअर टाक.”

सकाळचा चहा ते कप उजेडात धरून तपासत. इंजिनातला प्लग काढून पाहिला आणि त्याचं टोक फिकट तपकिरी दिसलं, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर. नानांना चहाही त्याच रंगाचा लागे. “आज मिक्स्चर पातल हाय,” असं ते म्हणाले की आतून नानी, म्हणजे त्यांची बायको, ओरडे, “चाय हाय ती, प्लग नाय! पी नायतर ठेव.”

घरात एरंडेल तेलाची एक बाटली होती. मला वाटलं पोटासाठी असेल. तर नाही. नानांच्या तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांना पेट्रोलात एरंडेल मिसळून घालत. ते जळलं की गोडूस, घशात बसणारा वास सुटतो म्हणे. नाना रविवारी बूच उघडून एकदा खोल श्वास घेत आणि बाटली परत फळीवर ठेवून देत. “यानी जलल्याचा वास नाय येत,” ते खंतावून सांगत. “पन आठवन येते.”

नाना मोटारसायकलच्या शर्यती खेळलेला माणूस. तेव्हा इथे पाम बीच रोड नव्हता, टॉवर नव्हते. मिठागरं आणि भातखाचरं होती, आणि त्यांमधल्या वीतभर रुंदीच्या बांधांवर नाना गाडी शिकले. एकदा मिठाच्या पाण्यात गाडीसकट पडले आणि वडिलांनी आधी गाडी बाहेर काढली, मग त्यांना. पुढे मुंबईत एका गॅरेजात फिटर म्हणून लागले आणि साठवून साठवून दोन सायलेन्सरची एक जुनी गाडी त्यांनी घेतली. ती अजूनही जिन्याखाली उभी असते आणि आमच्यापैकी कोणाहीपेक्षा स्वच्छ असते.

वर्षातून एकदा दक्षिणेत एका बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोठी शर्यत असे. आजच्यासारखे ट्रक, तंबू, मदतनीस काही नव्हते. नाना करावे गावातून निघत, तीच गाडी चालवत कोल्हापूरला जात. तिथे माधव भेटे. माधव इंगवले, नानांचा शर्यतीतला जोडीदार. नानांच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या नि सुका जवळा, माधवच्या पिशवीत लाल चटणी नि गूळ. दोन दिवस गाड्या हाकत पोचले, की दोघं मिळून दिवे, मडगार्ड, सायलेन्सर उतरवत आणि त्याच गाड्या शर्यतीत पळवत. शर्यत संपली की सगळं परत बसवून, धुळीनं माखलेली तोंडं घेऊन घराकडे. वळणांवर गवताच्या पेंढ्या रचलेल्या, मध्ये डांबराचे रिकामे पिंप, आणि कर्ण्यावरून कोणीतरी नावं पुकारतोय. नाना सांगायला लागले की त्यांचे खांदे आपोआप वाकत.

“मग? निकाल काय लागला?” मी विचारे.

“दुसरा आलो,” नाना छाती फुगवून म्हणत.

“पहिला कोण?”

“माधव. आनखी कोन?”

ही त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा. हरल्याच्या गोष्टी एवढ्या अभिमानानं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. धावपट्टीवर दुसरे, चिखलातल्या शर्यतीत दुसरे, डोंगर चढायच्या शर्यतीतही दुसरेच. प्रत्येक गोष्टीत शेवटच्या वळणाला माधव आतल्या बाजूनं घुसे आणि नाना हात चोळत राहत. गावातली माणसं त्यांना चिडवत, “नाना, एकदा तरी पयला यायचा व्हता!” नाना हसत. एकदाही रागावले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं. नानांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला. दर गुरुवारी ते दुपारी कुठेतरी जात, ते चुकणार होतं. “मास्तर,” ते माझ्या दाराशी येऊन म्हणाले, “करंजाड्याला सोडशील?”

तेव्हा मला कळलं की माधवराव जिवंत आहेत आणि पनवेलच्या पलीकडे, करंजाड्याला राहतात. बायको गेल्यावर ते कोल्हापूर सोडून मुलीकडे आले होते, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता.

नाना मागे बसलेले असताना स्कूटर चालवणं ही शिक्षाच होती. वळण आलं की माझ्याआधी ते वाकत. पुढच्या ट्रकच्या डाव्या बाजूनं घुसायला सांगत. करंजाड्याला चौथ्या मजल्यावर माधवरावांच्या मुलीनं, विद्याताईंनी, दार उघडलं. आत खिडकीशी खुर्चीत एक भरदार, पण उजवी बाजू गळून गेलेला म्हातारा बसला होता. बोलणं जवळजवळ गेलेलं. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा येई.

नाना समोर स्टूल ओढून बसले आणि सुरूच झाले. “तू मागं व्हतास. मना वाटला, आज मी घेतला. आन् तू साल्या, आतून घुसलास!” माधवरावांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर हळूहळू पिळला जाऊ लागला. ते गाडीची मूठ पिळत होते. अर्धा चेहरा हसत होता. शर्यत संपली, माधव पहिला आला, आणि नानांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरी शर्यत. त्या खोलीत दर गुरुवारी माधवराव दोन-तीन शर्यती जिंकत.

पावसाळा संपल्यावर एक दिवस अनिकेत नावाचा तरुण नानांचा पत्ता शोधत आला. आयटीत नोकरी, पण जुन्या मोटारसायकलींचा नाद. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींचा त्यांचा एक गट होता आणि त्यांना नानांचा सत्कार करायचा होता. नाना दुपारचे झोपले होते, म्हणून मी त्याला माझ्या खोलीत बसवलं. त्यानं बॅगेतून एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणाची छापील प्रत काढली. त्याच धावपट्टीवरची शर्यत. फोटोत चोवीस-पंचवीस वर्षांचे नाना, हातात कप. खाली लिहिलं होतं: विजेता हिराजी तांडेल. आणि शेवटच्या ओळीत, माधव इंगवले यांना अखेरच्या फेरीत अपघात.

“ही छपाईची चूक असणार,” मी म्हणालो. “नाना दुसरे आले होते. पहिले माधवराव. ते करंजाड्यालाच असतात, हवं तर त्यांना दाखवून खात्री करून घ्या.” मास्तर माणूस मी. चूक दिसली की ती तपासून घ्यायची, ही सवय. मी पत्ताही लिहून दिला. तो तिथूनच करंजाड्याला निघाला.

त्याच्याकडे दोन प्रती होत्या, त्यातली एक माझ्याकडे राहिली होती. ती घेऊन मी वर नानीकडे गेलो. कांदा चिरता चिरता तिनं फोटो बघितला आणि सुरी खाली ठेवली.

“पयलाच आल्ता तो,” ती म्हणाली. “बहुतेक येला तोच पयला यायचा. मना चांगला म्हायत हाय.”

“मग दुसरा आलो, दुसरा आलो, हे काय?”

नानीनं पदरानं डोळे पुसले. कांद्यामुळे असेल. त्या शेवटच्या शर्यतीत माधवरावांची मांडी मोडली होती. ते परत कधी शर्यतीत उतरले नाहीत, आणि नानाही नाहीत. तीन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हा नाना दवाखान्यात गेले. माधवराव पुरते भानावर नव्हते. त्यांनी नानांचा हात धरून एवढंच विचारलं, हिराजी, पहिला कोण आला?

“आन् यानी सांगितला, तू,” नानी म्हणाली. “त्या दिसापासून सगल्या गावाला तेच सांगतो. मना बोलला, एकाला एक नि दुसऱ्याला दुसरा सांगितला, तर माझीच गरबर होईल. म्हनून सगलीकडं दुसराच.”

मी धावत खाली आलो आणि अनिकेतला फोन लावला. तो गाडीवर असणार, उचलला नाही. परत लावला. शेवटी माझाच फोन वाजला, पण तो विद्याताईंचा होता. “काकांना घेऊन या,” त्या म्हणाल्या. “बाबा त्यांना बोलावतायत.”

वाटेत मी नानांना सगळं सांगितलं. माझी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत, पण त्या दिवशी एकाही वळणावर वाकले नाहीत.

अनिकेत निघून गेला होता. माधवराव खिडकीशीच बसले होते, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर कात्रणाची दुसरी प्रत. नाना दारातच थांबले. मग उसनं हसू आणून म्हणाले, “पेपरवाला येडा व्हता रे. नावां उलटी छापली.”

माधवरावांनी मान हलवली. “मा... हीत... होतं.”

“बाबांना दोन महिन्यांतच सगळं आठवायला लागलं होतं, काका,” विद्याताई हळूच म्हणाल्या. “पण तुम्ही सांगताना एवढे खुलता, म्हणून ते गप्प राहिले. मलाही खुणेनं गप्प बसवलं.”

नानांनी स्टूल घेतलं नाही. खाली फरशीवरच बसले.

“मग...” माधवराव म्हणाले, “का?”

“मी मागं वलून बघितला व्हता,” नाना म्हणाले. “शेवटचा राउंड. तुझ्या गारीचा आवाज बंद झायला म्हनून बघितला. तू खाली परला व्हतास. गारी तुझ्या पायावर. मना सगला दिसला, माधव. आन् मी थांबलो नाय. पुढं गेलो. कप घेतला, हसून फोटू काढला. मंग तुझ्याकडं आलो. एवढी वर्सा कोनाला बोललो नाय. बायकोला पन नाय.”

माधवरावांचे ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हते. विद्याताई पुढे झाल्या, तर त्यांनी डाव्या हातानं त्यांना थांबवलं. त्यांना ते स्वतःच म्हणायचं होतं.

“थांबला... असतास...” ते म्हणाले. दम घेतला. “तर... तुडवला... असता... तुला.”

आणि ते हसले. अर्धाच चेहरा हसत होता, पण पोट सगळं हलत होतं. ओठाच्या गळलेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळली.

विद्याताईंनी मला खूण केली आणि आम्ही दोघं बाल्कनीत जाऊन उभे राहिलो. काचेतून मला दिसलं. नाना गुडघ्यांवर उठले, माधवरावांच्या खांद्यावरचा नॅपकिन घेतला, त्यांची हनुवटी सावकाश, नीट पुसली. मग त्याच नॅपकिननं स्वतःचे डोळे पुसले.