फिक्या मानेचा चास

“ह्याची मान फिकी हाय,” गुरम्मा म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पिंजरा धरून उभा असलेला शिवयोगी रंगारी आधी पाखराकडे, मग बायको अक्कम्माकडे, आणि शेवटी ताटाकडे बघत राहिला. ताटात पुरणाची होळगी निवत चालली होती.

दसऱ्याला चास म्हणजे नीलकंठ पक्ष्याचं दर्शन घ्यायचं आणि मगच नवरात्राचा उपास सोडायचा, हा गुरम्माचा लहानपणापासूनचा नेम. नऊ दिवस ती नुसत्या दुधावर होती. एरवी ती शेताच्या बांधावर जाऊन चास बघून येई. पण यंदा ती अक्कलकोटाकडून लेकीकडे सोलापुरात सणाला आली आणि टांग्यातून उतरताना पाय मुरगळून बसली. शिवयोगीची ती सासू, आणि त्याआधी सख्खी आत्या. म्हणजे धाक दुहेरी. “आत्या, तू चासाकडं जायचं न्हाय. चास तुज्याकडं येईल,” असं तो सकाळी फुशारकीने बोलून गेला. मग पाखरं धरणारा आणि दसऱ्याला घरोघर चास दाखवत फिरणारा टेंभुर्णीचा कोंडीबा स्टेशनासमोर बसला होता, त्याच्याकडून त्याने हा पिंजरा दुपारपर्यंत मागून आणला.

“पंख बघ की, आत्या. निळं हाईत. चोच हाय. आनी काय पायजे?”

“आमच्याकडच्या चासाला मानंवर मागच्या अंगाला तांबूस पट्टा असतोय. ह्याला न्हाय. रंग उतरलाय.”

रंग उतरलाय, ही रंगाऱ्याच्या घरात शिवी. ह्या घरचा लाल तीन पिढ्यांत कुणाच्या धुण्याला उतरला नव्हता.

“मला इचारा, अव्वा,” शेजारचा जोतीराम दारातूनच म्हणाला. तोही रंगारीच. “कुनीतरी पारव्याला निळीत बुडवलंय.”

“पारवा असा बघतो व्हय?” शिवयोगी म्हणाला.

“बुडवल्यावर कुनीबी असाच बघंल.”

मग सुताची करतात तशीच परीक्षा झाली. पांढरं फडकं ओलं करायचं आणि तीनदा घासायचं. फडकं कोरं राहिलं. चासाने जोतीरामचं बोट तेवढं फोडलं.

“रंग पक्का हाय,” जोतीराम बोट चोखत म्हणाला.

“असंल पक्का. पट्टा न्हाय त्यो न्हाय,” गुरम्मा भिंतीला सांगत होती.

अक्कम्मा कळवळली. “अव्वा, घोटभर ताक तरी घे. चक्कर यील.”

“यिऊ दे.”

अक्कम्मा नवऱ्याकडे वळली. “चास यील म्हनून तुमीच सांगितलं की तिला. आता तिला काय झालं तर तुमी बगा.”

यानंतर परसात जे घडलं ते कृतीच्या रूपात सांगितलेलं बरं. कृतीत कुणाला दोष द्यावा लागत नाही.

तुरटीचं पाणी, दोन थेंब. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल, चार थेंब. काडीला कापूस. पाखरू, एक. धरायला माणूस, एक. रंगवायला माणूस, एक. (दोन्ही माणसं मिळून एकटा शिवयोगीच होता, म्हणून पट्टा जरा वाकडा आला आणि थोडा त्याच्या मिशीवरही बसला.) वाऱ्यावर वाळू द्यावे.

“मघाशी उजेड नीट नव्हता, आत्या. आता बघ.”

गुरम्माने पिंजरा जवळ ओढला. बराच वेळ बघितलं. अक्कम्माने आशेने होळगीवर तूप वाढलं.

“हा आलाचा लाल,” गुरम्मा म्हणाली.

“आं?”

“माज्या बाच्या हंड्यातला. मी ह्याच घरात लहानाची मोठी झाले रं. हा लाल मी अंधारात वळखीन. त्यो ह्याच्या मानंवर कसा आला? आन् तुज्या मिशीवर?”

शिवयोगी मिशी पुसू लागला. नेमका त्याच वेळी पिंजरा परत न्यायला कोंडीबा आला.

“रंगारी, माज्या पाखराला काय केलंसा?”

“पट्टा नव्हता. दिला.”

“ह्याला नसतोच. रेल्वेच्या गार्डानं झाशीकडनं आनलाय त्यो. तिकडं समदेच फिक्या मानंचे, तांबूस पट्टा आपल्याच मुलखात. चास त्योच, गाव येगळं.”

“मग सांगायचं न्हाय व्हय?”

“इचारलं कुनी?”

शिवयोगीचा जीव भांड्यात पडला. “ऐकलंस, आत्या? खरा चास हाय. आता जेव.”

“खरा व्हता. तू हात लावायच्या आदी,” गुरम्मा म्हणाली. “त्याची मान त्याला परत दे. मग जेवते.”

रिठ्याचं पाणी झालं. पापडखार झाला. गुरम्माने नाकारलेलं ताकही झालं. जोतीराम बोटाला चिंधी बांधून लांबूनच सल्ले देत होता. प्रत्येक धुण्याला पट्टा अधिकच खुलत गेला. आपण थोडे वाईट रंगारी असतो तर बरं झालं असतं, असं शिवयोगीला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

चौथ्या धुण्याला चास हातातून निसटला. सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या त्या बांबूवर बसला, अंग झाडलं,

आणि उडाला.

पंख उघडले तसा गडद निळा आणि फिका निळा उन्हात एकाशेजारी एक पसरत गेला. मान कुणाला दिसलीच नाही. आळीतली माणसं जिथल्या तिथे हात जोडून उभी राहिली. कोंडीबाची चास दाखवायची पुढची चार घरं तिथेच उरकली. गुरम्मा एका पायावर उंबऱ्यापर्यंत आली होती. जोडायचे की नाही हे ठरण्याआधीच तिचे हात जोडले गेले होते.

“अक्कम्मा, वाढ,” ती म्हणाली.

दोन होळग्या तिने खाल्ल्या. शिवयोगी समोर बसून होता. पाखरू स्टेशनाच्या छपरावरून उत्तरेकडे गेलं होतं.

“पोचंल का गं त्यो घरी?” त्याने विचारलं.

“पोचंल की.” तिने तिसरी होळगी मोडली. “पन तिकडंबी एकादी म्हातारी उपाशी बसली असंल. ह्यो तिच्या बांधावर जाऊन बसंल, आन् ती म्हनंल, ह्याची मान तांबडी, ह्यो चास न्हाय.”

घास तोंडाशी नेता नेता ती थांबली.

“उद्या झाशीला एक कार्ड टाक, शिवा.”

“कुनाच्या नावानं?”

“नाव कशाला पायजे? लिव्ह, रंग आमच्या घरचा हाय. जेवून घे.”