दरीत पडलेला रवळू

रविवारी सकाळी संयोगिताबाई पोह्यांना फोडणी घालत होत्या. तेवढ्यात दार उघडायला गेलेले त्यांचे यजमान उदयसिंह आल्या पावली आत आले.

"अगं, खाली जीप आलीय. दहा-बारा माणसं हायत. हातात तुझं पुस्तक!"

"वाचक असतील," बाईंनी लगबगीनं गॅस बंद केला.

"वाचक असल्या तोंडानं येत न्हाईत."

संयोगिताबाई कसबा बावड्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या. चार वर्षं दप्तरखान्याची धूळ खाऊन त्यांनी पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी चंदगडकडच्या घाटात सरकारी टपाल लुटलं गेलं, त्याची नोंद त्यांना सापडली होती. शब्द मोजून चार: 'टपाल लुटले. इसम फरारी.' बाकीची तीनशे पानं बाईंची स्वतःची. डाकवाल्याला त्यांनी नायक केलं. लुटारूला नाव हवं म्हणून तिकडं घरोघरी सापडणारं रवळू गावडे ठेवलं, आणि घनघोर झटापटीनंतर गोळी घालून त्याला दरीत पाडलं.

आता बैठकीच्या खोलीत माणसं मावत नव्हती. कोचावर मधोमध पंच्याऐंशीच्या अंबूबाई बसल्या. शेजारी त्यांच्या भावाची नात क्रांती, रडून डोळे सुजलेली.

"रवळू गावडे माझा आज्जा," अंबूबाई म्हणाल्या. "टपाल त्येनंच लुटलंतं."

बाईंनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. नाव तर त्यांनी मनानंच ठेवलं होतं! "आजी, चुकलं माझं. मला ठाऊक असतं तर लुटारू म्हणून—"

"लुटारू व्हताच की! त्येचं काय न्हाय. पर तू त्येला मारलंस."

"ते कथेच्या ओघात..."

"बिनलग्नाचाच मारलंस! मग आमी कुठनं आलो?"

बाईंनी उदयसिंहांकडं पाहिलं. ते पोह्यांचं निमित्त करून आत सटकले.

क्रांतीनं नाक पुसलं. "बाई, मला वारणानगरचं स्थळ आलंय. सुपारी फुटायची तेवढी राहिलीय. पण होणाऱ्या सासऱ्यांनी तुमचं पुस्तक वाचलं. म्हणाले, रवळू गावडे तर लग्नाआधीच गेले, मग तुमचं घराणं नेमकं कुणाचं?"

"अगं, पण पहिल्याच पानावर छापलंय, सर्व पात्रं काल्पनिक आहेत म्हणून!"

"तेबी वाचलं त्यांनी!" क्रांतीला हुंदका फुटला. "आता म्हणतात, तुझा खापरपणजोबाच काल्पनिक हाय!"

बाईंनी तिथल्या तिथं सासऱ्यांना फोन लावला. रवळू मेला नव्हता, हे शपथेवर सांगितलं.

"असं कसं?" पलीकडून आवाज चढला. "मी तीनदा वाचलंय. दरवेळी रडलोय. इतिहासाच्या बाई ना तुम्ही? मग खोटं छापता? तो जगला म्हणून छापून आणा, मग सुपारी फोडू."

बाईंनी हिरमुसून फोन ठेवला. पण चार वर्षांची हौस अशी जाते होय? त्यांनी वही ओढली. "आजी, त्या दिवशी खरं काय घडलं?"

"आज्ज्यानं थैली हिसकली. आत नुसती पत्रं! ह्येला वाचाय कुठं येतंय? मग डाकवाल्यालाच बसवलं आन् एकेक वाचाय लावलं. एका पत्रात कुणाची तरी आई लई आजारी व्हती. दोघंबी ढसाढसा रडली. आज्ज्यानं त्येला भाकरी घातली, आन् थैली डोक्यावर घिऊन सोता गावापतूर पोचवाय गेला."

"आणि झटापट?"

"कसली झटापट?"

साठ पानांची लढाई एका भाकरीवर संपली होती. पण असं सोनं पुन्हा कुठं मिळणार? संयोगिताबाई भराभरा लिहू लागल्या.

अंबूबाईंनी वहीवर हात ठेवला. "ह्ये लिवू नगं, लेकी."

"का? हेच तर खरं आहे!"

"गावात त्येचा दरारा हाय. रडला म्हनून कळलं तर आमाला कोन इचारतंय? लढाई ऱ्हाऊ दे. लई झ्याक लिवलीयास. नुसतं त्येला जगीव, आन् लगीन लाव. माझ्या आज्जीचं नाव चिमणाबाई. तेवढं बरूबर घाल."

दोन महिन्यांनी दुसरी आवृत्ती निघाली. तीत घनघोर झटापट झाली, गोळी सुटली आणि रवळू दरीत कोसळला. पण करवंदीच्या जाळीत अडकला, आणि पुढच्याच पानावर चिमणाबाईशी त्याचं लग्न लागलं.